मित्रासाठी

कळसाडी हे नंदुरबार जिल्ह्यातील एक गाव. उत्तरेकडे सातपुड्याची निळसर रांग, भोवताली कापसाची, ज्वारीची आणि हरभऱ्याची शेते. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी येथे येऊन राहिलो. शनिवारी सायंकाळी माझ्या घराच्या ओट्यावर पाच-सात मुले जमतात. कोणी वृत्तपत्र वाचून दाखवितो, कोणी अडलेले गणित घेऊन येतो. पण खरे सांगायचे तर वाचनापेक्षा आणि गणितापेक्षा आमच्या गप्पाच अधिक होतात.

पौष महिन्यातील अशाच एका शनिवारी सातवीत शिकणाऱ्या एका मुलाने मध्येच विचारले, "गुरुजी, मित्रासाठी एकदा खोटे बोलले तर चालते का?"

हा मुलगा एरवी फारसा बोलत नसे. प्रश्न विचारून त्याने मान खाली घातली आणि तो ओट्याच्या फरशीवर बोटाने रेघा ओढू लागला. इतर मुलांना मात्र हा प्रश्न म्हणजे वादविवादाचा विषयच वाटला. एकजण म्हणाला, "संकटात धावून येत नाही, तो मित्र कसला?" त्याच्या शेजारची मुलगी लगेच उत्तरली, "आणि खोटे बोलायला लावतो, तो तरी मित्र कसला?" दोन्ही वाक्ये ऐकायला चांगली होती आणि दोन्हींना टाळ्या मिळाल्या. परंतु त्यांनी प्रश्न काही सुटला नाही. मग एकाने आपल्या परीने ब्रह्मास्त्रच काढले. तो म्हणाला, "कर्णाने काय केले? दुर्योधन चुकतो आहे हे त्याला ठाऊक होते. तरी त्याने मित्राला सोडले नाही. म्हणून तर सगळे कर्णाला मोठा म्हणतात!"

मुलांनो, कर्णाचे नाव निघाले की तुमच्यापैकी पुष्कळांचे डोळे चमकतात, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. ते स्वाभाविकही आहे. हस्तिनापुरातील त्या शस्त्रपरीक्षेच्या दिवशी कृपाचार्यांनी कर्णाला त्याचे कुळ विचारले आणि साऱ्या रंगमंडपात त्याची मान खाली गेली. त्या क्षणी दुर्योधन पुढे झाला आणि त्याने कर्णाला अंगदेशाचे राज्य दिले. सर्वांसमक्ष अपमान होत असताना ज्याने आपला हात धरला, त्याला विसरणे कर्णासारख्या मानी माणसाला शक्य नव्हते. पुढे युद्धापूर्वी श्रीकृष्णाने त्याला त्याच्या जन्माचे रहस्य सांगितले. तू कुंतीचा पुत्र आहेस, पांडवांचा थोरला भाऊ आहेस, त्यांच्याकडे चल, राज्य तुझेच आहे, असे सांगितले. कर्णाने ते नाकारले. दुर्योधनाने माझ्या भरवशावर युद्ध मांडले आहे, आता मी त्याला सोडणार नाही, असे तो म्हणाला. हातात येणारे राज्य त्याने सोडले आणि अखेरीस प्राणही दिला. येथपर्यंत कर्णाला थोर म्हणायला माझी काहीच हरकत नाही.

परंतु त्याच भेटीत कर्ण आणखी एक गोष्ट बोलतो, ती मात्र आपण सहसा लक्षात ठेवत नाही. दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून आपण पांडवांना जे कठोर शब्द बोललो, त्याचा आता आपल्याला पश्चात्ताप होतो, अशी कबुली तो श्रीकृष्णाजवळ देतो. हे शब्द कोठे उच्चारले गेले होते? द्यूताच्या सभेत. द्रौपदीला भर सभेत ओढून आणलेले असताना कर्णाने तिच्याविषयी जे उद्गार काढले आणि तिची वस्त्रे काढून घेण्यास सांगितले, ते मी येथे लिहीत नाही.

म्हणून मी त्या मुलाला विचारले, "कर्णाने राज्य सोडले, ते कोणाचे?"

"त्याचे स्वतःचे."

"प्राण दिला, तो कोणाचा?"

"स्वतःचाच."

"आणि द्रौपदीची अब्रू कोणाची होती?"

तो गप्प झाला. इतर मुलेही गप्प झाली. मित्राला आनंद व्हावा म्हणून कर्णाने त्या सभेत जे देऊन टाकले, ते त्याचे नव्हतेच. दुर्योधन आणि कर्ण या दोघांच्या मैत्रीत द्रौपदीचा काय संबंध होता? तिला कोणी विचारले होते? दोन मित्र एकमेकांना सांभाळीत होते आणि त्याची किंमत तेथे उभ्या असलेल्या तिसऱ्याच व्यक्तीकडून वसूल होत होती.

अंधार पडला, मुले घरोघर गेली. तो मुलगा मात्र चप्पल शोधण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळला, आणि मग त्याने मला खरी हकीकत सांगितली.

त्याच्या जिवलग मित्राच्या घरी बकऱ्या होत्या. दोन दिवसांपूर्वी दुपारी त्या मित्राने त्या चरायला नेल्या, एका झाडाखाली मोबाइलवर खेळत बसला, आणि बकऱ्या एका म्हाताऱ्या विधवेच्या हरभऱ्यात शिरल्या. हरभरा घाट्यावर आला होता. मित्राचे लक्ष गेले तोवर चार-पाच वाफे फस्त झाले होते. त्याने बकऱ्या हाकलल्या आणि तो निमूटपणे घरी आला. सायंकाळी म्हातारीने आक्रोश केला तेव्हा संशय आला तो गावाची गुरे वळणाऱ्या एका पोरावर. तो डोंगराकडच्या एका पावरा कुटुंबातला, वयाने यांच्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठा. त्याच्या मजुरीतून नुकसान कापून घ्यावे, असे गावातील काहींचे म्हणणे पडले. त्यातच कोणी तरी शंका काढली की त्या बाजूला बकऱ्याही दिसल्या होत्या. तेव्हा तो मित्र घाबरून याच्याकडे आला आणि म्हणाला, "तुला विचारले तर एवढेच सांग, दुपारभर माझ्या बकऱ्या तुझ्याबरोबर नदीकडे होत्या. माझे वडील मला मारून टाकतील. तू माझा मित्र आहेस ना?"

"मी अजून काहीच बोललो नाही," तो मुलगा म्हणाला. "पण उद्या विचारतील. आणि मी खरे सांगितले तर तो माझ्याशी पुन्हा कधीही बोलणार नाही."

अशा वेळी वडीलधारी माणसे 'नेहमी खरे बोलावे' असे सांगून मोकळी होतात. मीही वर्गात ते हजारदा सांगितले असेल. परंतु त्या मुलाचा चेहरा पाहून ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. एक तर ते त्याला ठाऊकच होते. आणि दुसरे कारण असे, की असाच प्रसंग माझ्यावर एकदा आला होता आणि मी त्यात नापास झालो होतो. ती गोष्ट मी त्याला सांगितली.

मी तेव्हा तरुण शिक्षक होतो. गावाचे आणि शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. वार्षिक परीक्षेत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला पुढील वर्षाची पुस्तके बक्षीस मिळत. माझ्या एका स्नेह्याचा मुलगा त्या वर्गात होता. या स्नेह्याने माझ्या आजारपणात महिनाभर मला घरचे जेवण पुरविले होते. तो एके दिवशी माझ्याकडे आला आणि सहज बोलल्यासारखे म्हणाला, "निबंध तुमच्याकडेच आहेत ना? निबंधाला काय, दोन गुण इकडे, दोन तिकडे!" मी मुलाचा निबंध पुन्हा वाचला, आणि मला तो पूर्वीपेक्षा बरा वाटू लागला. मुलांनो, मनाची ही लबाडी फार चमत्कारिक असते! मी तीन गुण वाढविले. मुलगा पहिला आला. एका मजुराची मुलगी दोन गुणांनी दुसरी आली.

त्या मुलीने माझ्याकडे कसलीही तक्रार केली नाही. तिला काही ठाऊकच नव्हते. पुढच्या वर्षी ती कोणाची तरी जुनी, पाने सुटलेली पुस्तके घेऊन वर्गात बसू लागली आणि मी शिकविताना तिच्या बाकाकडे पाहणे टाळू लागलो. मित्राच्या जेवणाचे ऋण मी फेडले असे मला वाटले होते; पण ते मी माझ्या खिशातून फेडले नव्हते. तसे करायचे असते तर दुकानातून पुस्तके विकत घेऊन मित्राच्या मुलाला देता आली असती. ते मला सुचले नाही. त्याला पैसे पडले असते, हेही त्याचे एक कारण असावे.

मुलगा लक्षपूर्वक ऐकत होता. मग त्याने अगदी रास्त शंका काढली. "पण गुरुजी, मी खरे सांगितले तर मित्राचे नाव सांगावे लागेल. म्हणजे चुगली होईल. खोटे बोललो तर त्या गुराख्याचे नुकसान. मग मी करू तरी काय?"

त्यावर मी त्याला गोपाळ कृष्ण गोखले यांच्या आयुष्यातील एक कठीण प्रसंग सांगितला. तो तुम्हांलाही सांगतो.

गोखल्यांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. ते लहानपणी शाळेत असताना, घरी करायला दिलेले एक अवघड गणित एकट्या त्यांचेच बरोबर आले. गुरुजी शाबासकी देऊ लागताच त्यांना रडू कोसळले आणि हे गणित आपण दुसऱ्याच्या मदतीने सोडविले असे त्यांनी सांगून टाकले, अशी एक आठवण त्यांच्याविषयी सांगतात. ती तुम्ही बहुधा ऐकली असेल. मला सांगायची आहे ती गोष्ट त्यानंतर पुष्कळ वर्षांनी घडली आणि ती त्या गणितापेक्षा फार अवघड होती.

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. रोग पसरू नये म्हणून सरकारने प्लेग समिती नेमली होती. रँड हा अधिकारी तिचा प्रमुख होता. रोगी शोधण्यासाठी गोरे सोजीर घरोघर शिरत, सामानसुमान बाहेर फेकीत, देवघरात आणि माजघरात घुसत. लोक संतापले होते. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या आणि काही दिवसांनी तो मरण पावला.

गोखले त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते गेले होते. वय अवघे एकतीस. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील हा तरुण प्राध्यापक आकडे आणि पुरावे यांवाचून बोलत नाही, असा त्यांचा लौकिक होता. पुण्याहून त्यांच्या विश्वासातील मित्रांची पत्रे येत. सोजिरांनी स्त्रियांच्या अब्रूवरही हात टाकला असा मजकूर त्या पत्रांत होता. तो वाचून गोखले अस्वस्थ झाले. मित्रांवर विश्वास ठेवून त्यांनी हे आरोप 'मँचेस्टर गार्डियन' या वृत्तपत्रातून जगापुढे मांडले. इंग्लंडात खळबळ उडाली. मुंबई सरकारने आरोप साफ नाकारले आणि पुरावा मागितला.

जुलैच्या अखेरीस गोखले मुंबईला परतले तेव्हा येथील हवा पार बदललेली होती. २७ जुलैला लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली होती. पुण्याच्या नातू बंधूंना तर चौकशीवाचूनच स्थानबद्ध केले होते. लोक भयभीत झाले होते. पत्रांतील आरोप सिद्ध करता येईल असा पुरावा गोखल्यांच्या हाती येईना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगितली असती, तर सरकारचा रोष त्यांच्यावर वळला असता.

आता त्यांच्यापुढे वाटा कोणत्या होत्या, ते पाहा. मित्रांची नावे सांगावी, म्हणजे 'मला अमक्याने कळविले' असे म्हणून स्वतः सुटता येत होते. आरोप खरेच आहेत असे रेटून म्हणत राहावे, तर लोक खांद्यावर घेऊन नाचले असते. परंतु सिद्ध करता येत नाही ती गोष्ट खरी म्हणून सांगणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी या दोन्ही वाटा सोडल्या. नावे सांगितली नाहीत. ऑगस्टच्या आरंभी त्यांनी वृत्तपत्रांतून जाहीरपणे क्षमा मागितली. गव्हर्नरांची, प्लेगच्या कामावरील अधिकाऱ्यांची आणि सोजिरांचीही. सारा दोष त्यांनी आपल्या माथी घेतला.

त्याचा परिणाम काय झाला? सरकारने मोठेपणा दिला नाही, आणि आपल्या माणसांनी भित्रा म्हणून धिक्कार केला. इंग्रजांपुढे नाक घासले, अशी निंदा झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेथेही त्यांच्याविषयीची नाराजी लपून राहिली नाही. आता आपले सार्वजनिक आयुष्य संपले असे त्यांना वाटू लागले. तरीही पुढच्या वर्षी पुण्यात पुन्हा प्लेग आला तेव्हा हाच माणूस स्वयंसेवक होऊन रोग्यांसाठी गल्लोगल्ली हिंडत होता. पुढे १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला, आणि महात्मा गांधी त्यांना आपले राजकीय गुरू मानीत, हे तुम्ही इतिहासात वाचालच.

गोखल्यांची ती क्षमायाचना सर्वस्वी योग्य होती का? थोर माणसांचे प्रत्येक कृत्य बरोबरच असले पाहिजे, असे मी मानीत नाही. 'हे मला सिद्ध करता येत नाही, म्हणून मी माझे शब्द मागे घेतो' एवढे म्हणणे पुरेसे होते; सोजिरांची क्षमा मागण्याची आवश्यकता नव्हती, असे त्या काळीही अनेकांना वाटले आणि मलाही वाटते. पुण्यातील एखाद्या घरात एखाद्या बाईला खरोखरच त्रास झाला असेल, तर या क्षमेनंतर तिचे गाऱ्हाणे कोण ऐकणार होते? तिसऱ्या माणसाचा विचार करायचा तर तिचाही करायला हवा. माझ्या मनातील ही शंका आजही मिटलेली नाही. परंतु एक गोष्ट निश्चित आहे. मित्रांना वाचविण्यासाठी गोखल्यांनी जे खर्च केले, तो त्यांचा स्वतःचा लौकिक होता, वर्षानुवर्षे जपलेला. मित्रांसाठी ते खोटे बोलले नाहीत आणि स्वतःसाठी त्यांनी मित्रांना पुढे केले नाही.

गोष्ट संपली तेव्हा बरीच रात्र झाली होती. मी त्याला अमुक कर, तमुक कर असे काही सांगितले नाही. एवढेच विचारले, "त्या दुपारी तो गुराखी कोठे होता, हे तुला ठाऊक आहे का?"

"हो," तो म्हणाला. "नाल्यापलीकडे होता. मी स्वतः पाहिले. त्याची सगळी गुरे तिकडेच होती." आणि हे बोलता बोलता तो एकदम थांबला.

दुसऱ्या दिवशी पारावर चारचौघे जमले. मुलाने जाऊन सांगितले, की त्या दुपारी गुराख्याची गुरे नाल्यापलीकडे होती, हरभऱ्याकडे फिरकलीदेखील नाहीत, मी डोळ्यांनी पाहिले आहे. साहजिकच पुढचा प्रश्न आला, "मग कोणाची जनावरे होती?" तो म्हणाला, "ते मी सांगणार नाही. ज्याची होती तो सांगेल." यावर त्याला पुष्कळ बोलणी बसली. त्याच्या वडिलांनी तर सर्वांदेखत त्याच्या पाठीत धपाटा घातला. "ठाऊक असून लपवितो म्हणजे याचाही त्यात हात असणार," असेही कोणी म्हणाले. तो रडला, पण त्याने नाव सांगितले नाही. गुराख्याची मजुरी मात्र कापली गेली नाही.

म्हातारीचे नुकसान अजून तसेच होते. तिच्या हरभऱ्याच्या कडेला कापसाचे थोडे शेत होते आणि वेचणीला माणसे मिळत नव्हती. पुढचे दोन रविवार हा मुलगा सकाळपासून तिच्याकडे कापूस वेचायला गेला आणि त्याने मजुरी घेतली नाही. पहिल्या रविवारी तो एकटाच होता. दुसऱ्या रविवारी दुपारनंतर शेताच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक मुलगा खाली मान घालून बोंडे वेचताना दिसला, असे म्हातारीने मला सांगितले. दोघे एकमेकांशी एक शब्दही बोलत नव्हते. तिने दोघांना भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला, तोही त्यांनी वेगवेगळ्या बांधांवर बसून खाल्ला.

अबोला बरेच दिवस टिकला. शाळेत त्यांचे बाक वेगळे झाले. शनिवारी ओट्यावर तो येई, पण गप्पांत त्याचे मन नसे. मीही त्याला काही विचारले नाही. होळीच्या आदल्या दिवशी मी दारात उभा होतो. गावातील मुले सरपण गोळा करून नेत होती, आणि एका लांब वाळल्या फांदीचे पुढचे टोक एकाच्या खांद्यावर, तर मागचे दुसऱ्याच्या खांद्यावर होते. पुढचा मागच्याला ओरडून सांगत होता, "अरे, हळू चाल! माझा खांदा सोलतो आहे!"